‘स्थानिक’ खरेदीचा लाभ कोणाला?

सरकार हा देशातील सर्वांत मोठा ग्राहक आहे, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. सरकार म्हटले की कर वसूल करणारे, परवाने देणारे, अनुदाने वाटणारे असे त्याचे रूप डोळ्यांपुढे येते. परंतु हेच सरकार वर्षभर कागद, कापड, औषधे, डाळ, तेल, मिरची, बाके, नळ, सिमेंट अशा असंख्य वस्तू विकत घेत असते. आणि मार्चअखेर जवळ आली की या खरेदीची जी धावपळ सुरू होते ती कोणत्याही कचेरीत काम करणाऱ्यास ठाऊक आहे. हा पैसा शेवटी कोणत्या गावी जाऊन पोचतो, यावर भिवापूरसारख्या तालुक्यांचे बरेच काही अवलंबून असते. येथे मोठे कारखाने नाहीत. शेती पावसावर अवलंबून, आणि शेतीबाहेर जो नियमित पैसा तालुक्यात येतो त्यातील मोठा वाटा सरकारी पगारांचा व सरकारी खर्चाचा. म्हणून सरकारने खरेदी करताना स्थानिक उद्योगाला अग्रक्रम द्यावा, ही मागणी अशा ठिकाणी वारंवार होते आणि ती स्वाभाविकही आहे.

तथापि स्वाभाविक मागणी ही नेहमीच नीट विचार केलेली मागणी असते असे नाही. असे नियम आपल्याकडे आजही आहेत, आणि थोडेथोडके नाहीत. त्यांचा लाभ प्रत्यक्ष उत्पादकाच्या पदरात का पडत नाही, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, तो लाभ अग्रक्रमाच्या टक्केवारीपेक्षा दोन अगदी साध्या गोष्टींवर ठरतो. एक, सरकार एका वेळी केवढी मागणी नोंदविते. आणि दोन, माल घेतल्यावर पैसे किती दिवसांत देते.

‘स्थानिक’ या शब्दाचे तीन अर्थ

प्रथम नियम काय आहेत ते पाहू. केंद्र सरकारने २०१२ साली सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी खरेदीचा आदेश काढला. केंद्रीय खात्यांनी व सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी २० टक्के खरेदी अशा उद्योगांकडून करावी, असे त्यात म्हटले होते. २०१५ पासून हे बंधनकारक झाले आणि २०१८ साली हे प्रमाण २५ टक्के करण्यात आले. त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी व ३ टक्के स्त्रियांच्या उद्योगांसाठी आहे. ३५८ वस्तू केवळ याच उद्योगांकडून घ्याव्यात, अशी यादीही आहे. लहान उद्योगांना निविदेचे शुल्क व बयाणा रक्कम माफ आहे. उमरेड परिसरातील कोळसा खाणी चालविणारी वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी केंद्राचा उपक्रम असल्याने हा आदेश तिला लागू पडतो. जिल्हा परिषद वा राज्य सरकारची कचेरी मात्र राज्याच्या स्वतंत्र खरेदी नियमांनी बांधलेली असते.

दुसरा आदेश २०१७ चा. त्यात देशात तयार झालेल्या मालाला परदेशी मालापेक्षा अग्रक्रम दिला आहे. ज्या मालाच्या मूल्यापैकी निदान ५० टक्के भाग देशात निर्माण झाला असेल, त्याच्या पुरवठादाराला पहिल्या वर्गाचा ‘स्थानिक पुरवठादार’ म्हणावे, असा नियम पुढे ठरला.

आता या दोन आदेशांत ‘स्थानिक’ कोण, हे बारकाईने पाहावे. २०१७ च्या आदेशात स्थानिक म्हणजे भारतीय. २०१२ च्या आदेशात स्थान हा निकषच नाही. तेथे आकार हा निकष आहे. लुधियाना वा राजकोट येथील लघु उद्योग आणि भिवापूर येथील लघु उद्योग त्या आदेशाच्या दृष्टीने अगदी सारखे. आपण सभांतून ज्या अर्थाने स्थानिक म्हणतो, म्हणजे आपल्या तालुक्यातील माणूस, तो तिसरा अर्थ या दोन्ही आदेशांत कोठेही नाही. मागणी एका अर्थाने केली जाते आणि नियम दुसऱ्या अर्थाने लिहिला जातो. मग निराशा पदरी आल्यास नवल ते काय?

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. २०१२ च्या आदेशाने लघु उद्योजकाला जादा भाव मिळत नाही. त्याचा दर न्यूनतम दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत अधिक असला, तर त्याला दर खाली आणून न्यूनतम दरानेच मालाचा काही हिस्सा पुरविण्याची संधी मिळते. म्हणजे सवलत मागणीची आहे, किमतीची नाही. अशा व्यवहारात नफ्याचा पदर मुळातच अरुंद असतो. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

लोखंडाचा धडा

सरकारी खरेदीने उद्योग उभा राहतो काय? या प्रश्नाचे आपल्या इतिहासातील उत्तर ‘राहतो’ असे आहे. मात्र त्याला अटी आहेत. इंग्रजी अमदानीत सरकारला लागणारा बराचसा माल लंडनहून खरेदी होत असे. देशी उद्योगांना सरकारने पाठबळ द्यावे, असे न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखे अर्थचिंतक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आग्रहाने सांगत होते. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू करणारे जमशेटजी टाटा यांच्या मनात पोलादाची कल्पना रुजली ती १८८२ च्या एका अहवालामुळे. तो अहवाल आपल्या शेजारच्या चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिजाविषयी होता. पुढे चांद्याचा बेत सुटला आणि कारखाना छोटा नागपूरच्या पठारावर साकची येथे झाला. परंतु तो उभारण्यापूर्वीच सरकारने त्या कारखान्याकडून दहा वर्षे दरसाल २०,००० टन रूळ घेण्याची तयारी दाखविली होती. अट एवढीच की रूळ ठरलेल्या प्रतीचे असावेत आणि आयात रुळांच्या भावाने मिळावेत.

या करारात तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. मागणीची मात्रा आधी निश्चित होती. मुदत ठरलेली होती. आणि प्रतीच्या व भावाच्या बाबतीत दयामाया नव्हती. उद्योजकाला यातून जादा भाव मिळाला नाही. त्याला निश्चिती मिळाली. भांडवल गुंतविणाऱ्याला भावापेक्षा निश्चितीचे मोल अधिक असते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावयास नको.

पैशाचा प्रवास

स्थानिक खरेदीच्या बाजूने नेहमी जो युक्तिवाद केला जातो तो गुणकाचा. समजा, सरकारने तालुक्यात १०० रुपयांचा माल घेतला आणि प्रत्येक टप्प्यावर मिळालेल्या रकमेपैकी ६० टक्के रक्कम तालुक्यातच पुन्हा खर्च झाली. मग १०० चे पुढे ६०, त्याचे ३६ असे होत होत एकंदर उत्पन्न २५० रुपयांपर्यंत जाते. हेच प्रमाण २० टक्के असेल तर बेरीज १२५ रुपयांवरच थांबते. पहिला हिशोब मिरची पिकविणाऱ्या, खुडणाऱ्या व दळणाऱ्यांचा समजावा. दुसरा, बाहेरून भरलेली पोती आणून येथे केवळ उतरवून घेणाऱ्या दुकानदाराचा. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण त्यामागील तत्त्व पक्के आहे. माल कोणाच्या नावाच्या पावतीवर आला याला फारसे महत्त्व नाही. तो कोठे तयार झाला, याला आहे.

विदर्भाच्या संदर्भात हे विशेष लागू पडते. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली प्रादेशिक अनुशेषाचा अहवाल दिला, तेव्हा रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने यांतील तूट मोजून ती भरून काढण्यास लागणारा खर्च काढला होता. ते काम मोलाचे होते. परंतु सरकारी रुपया विदर्भात खर्च होणे आणि तो विदर्भात राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या गोष्टीचा हिशोब आपण आजवर मांडलेला नाही.

तथापि गुणकाच्या हिशोबाला दोन मर्यादा आहेत व त्या प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की, सरकारी तिजोरी अमर्याद नाही. एखाद्या वसतिगृहाला तिखटासाठी वर्षाला ३४,५०० रुपये मिळतात असे समजू. किलोला ३०० रुपये भाव असेल तर ११५ किलो तिखट येईल. स्थानिक म्हणून १५ टक्के अधिक, म्हणजे ३४५ रुपये, भाव दिला तर १०० किलोच येईल. तो १५ किलोंचा भुर्दंड विद्यार्थ्यांच्या ताटावर पडतो. स्थानिक उत्पादकाला द्यावयाची मदत मुलांच्या जेवणातून कापून घेणे हे न्यायाला धरून नाही.

दुसरी मर्यादा अशी की, प्रत्येक तालुक्याने बाहेरच्यांना दार बंद केले तर कोणाचेच भले होणार नाही. भिवापूरची मिरची भिवापुरातच खपावी असे ठरले तर ती पिकविण्यात अर्थ नाही. तिचे नाव झाले ते बाहेरच्या गिऱ्हाइकांमुळे. राज्यघटनेच्या ३०१ व्या अनुच्छेदाने देशभर व्यापार मुक्त असावा असे म्हटले आहे, त्यामागील शहाणपण हेच. नागपूर–नागभीड नॅरोगेज मार्ग रुंदीकरणासाठी २०१९ साली बंद झाला. त्या कामाचे रूळ तालुक्यात तयार व्हावेत असा आग्रह कोणी धरणार नाही. सारांश, अग्रक्रम हवा तो ज्या वस्तू येथे खरोखर चांगल्या व रास्त भावात निर्माण होऊ शकतात त्यांनाच. आणि त्याचा अर्थ इतरांना बंदी असा न करता आपल्या माणसाला स्पर्धेत उतरता यावे असा करावयास हवा.

ठेकेदाराचा मुखवटा

येथे भिवापूरच्या मिरचीचा विचार करू. या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिच्यामागे केवळ शेतकरी नाही. सातऱ्यांवर बसून मिरचीचे देठ खुडणाऱ्या स्त्रिया, हमाल, गाडीवाले, कांडपवाले अशी मोठी मजूरवस्ती या पिकावर जगते. संकरित वाणांच्या व इतर पिकांच्या स्पर्धेत मूळ वाणाचे क्षेत्र आक्रसत गेले, हेही खरे. दुसऱ्या बाजूला शालेय पोषण आहारात तांदळाबरोबर डाळ, तेल, हळद, तिखट, मीठ हे जिन्नस लागतात. आश्रमशाळा, वसतिगृहे, अंगणवाड्या यांनाही लागतात. गिऱ्हाईक दाराशी आहे आणि माल अंगणात आहे. मग व्यवहार का होत नाही?

कारण मागणीचा आकार. धान्यादी मालाचा पुरवठा जिल्हा वा त्याहून मोठा घटक धरून एकाच ठेक्यात दिला की, त्यात उतरण्यासाठी मोठी उलाढाल, मोठी गोदामे आणि मोठी अनामत लागते. दहा-पंधरा स्त्रियांच्या बचत गटाला तिखट उत्तम करता येईल. पण डाळ, तेल, मीठ, मोहरी हे सारे शेकडो शाळांत पोचविण्याची हमी तो कोठून देणार? निविदेत स्थानिकांना मज्जाव आहे असे एकही वाक्य नसते. ठेक्याचा आकारच मज्जावाचे काम करतो.

याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. अंगणवाड्यांतील पोषण आहार ठेकेदारांकडून घेऊ नये, शक्यतो ग्रामसमूह, बचत गट व महिला मंडळे यांच्यामार्फत द्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी दिला. नियम याहून स्पष्ट असू शकत नाही. पुढे काय झाले? महाराष्ट्रात हे काम मिळविणाऱ्या काही महिला संस्था म्हणजे खासगी ठेकेदारांचेच मुखवटे आहेत, असे न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांच्या २०१२ च्या अहवालात नमूद झाले. नंतर २०१६ साली राज्याने निविदा काढल्या त्या अनेक प्रकल्प एकत्र करून, लहान गटांना न पेलणाऱ्या अटी घालून. अखेर २६ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती निविदा प्रक्रिया रद्द ठरवून बचत गटांना वाव मिळेल अशा रीतीने नव्याने निविदा काढण्यास सांगितले. पंधरा वर्षांच्या या कहाणीतून एकच निष्कर्ष निघतो: अग्रक्रम शब्दांत दिला आणि आकारात काढून घेतला, तर तो मुखवटे धारण करणाऱ्यांच्याच कामी येतो.

परदेशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. ब्राझीलने २००९ साली कायदा करून शालेय आहाराच्या केंद्रीय निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम लहान शेतकरी कुटुंबांच्या मालावर खर्च करणे बंधनकारक केले. त्यासाठी नेहमीच्या न्यूनतम दराच्या निविदेतून ही खरेदी वगळली. स्थानिक बाजारभाव पाहून भाव आधी जाहीर करावयाचा व शेतकऱ्यांना माल देण्याचे जाहीर आवाहन करावयाचे, अशी सोपी रीत त्यांनी घालून दिली. त्यांनी टक्केवारी ठरविली आणि तिच्याबरोबर खरेदीची रीतही बदलली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पंचेचाळीस दिवस

आता दुसरी गोष्ट, म्हणजे देयकाची. एखाद्या गटाला एक लाख रुपयांच्या तिखटाची मागणी मिळाली असे समजू. माल तयार करण्यास ९२,००० रुपये खर्च आला; म्हणजे नफा ८,००० रुपये. हे ९२,००० रुपये गटाने दरमहा दोन टक्के व्याजाने उचलले, तर महिन्याला १,८४० रुपये व्याज पडते. देयक दीड महिन्यात मिळाले तर २,७६० रुपये व्याज जाऊन ५,२४० रुपये हाती राहतात. पाच महिने लागले तर व्याज ९,२०० रुपये होते. नफा जाऊन १,२०० रुपयांचा तोटा. मोठ्या ठेकेदाराला पाच महिने थांबता येते, कारण त्याच्यामागे बँक असते व दहा ठिकाणची देयके चालू असतात. लहान उत्पादकाला थांबता येत नाही. उशिरा पैसे देणारे सरकार कोणालाही न सांगता लहान माणसाला निविदेतून बाद करीत असते, असे म्हणावे लागेल.

कायद्याला हे ठाऊक नाही असे नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. दाद मागण्यासाठी परिषदाही आहेत. पण ज्या कचेरीकडून पुढच्या वर्षी पुन्हा मागणी हवी आहे तिच्याविरुद्ध दाद कोण मागणार? पाण्यात राहून माशाशी वैर करता येत नाही. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात आणखी एक तरतूद आणली. लहान उद्योगांचे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला ती रक्कम प्रत्यक्ष चुकती करीपर्यंत खर्च म्हणून वजावट मिळत नाही. व्यापारी यामुळे काहीसे सावध झाले. परंतु सरकारी खाते आयकर भरीत नाही, त्यामुळे या तरतुदीची झळ त्याला पोचत नाही. खासगी गिऱ्हाइकाला शिस्त लावणारा कायदा सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला मोकळे सोडतो, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

काय करता येईल?

यासाठी नव्या मोठ्या योजनेची गरज नाही. जिल्ह्याच्या धान्यादी मालाच्या ठेक्यातून तिखट, हळद, मसाला यांसारखे जिन्नस वेगळे काढून तालुकावार लहान मागण्या नोंदवाव्यात. वर्षाची अंदाजी मात्रा हंगामापूर्वी जाहीर करावी, म्हणजे गटांना मिरची स्वस्त असताना घेऊन ठेवता येईल. भाव बाजाराच्या आधाराने ठरवावा. तो फुगवू नये. अन्नसुरक्षेचा परवाना व भेसळ तपासणी यांत कसलीही सूट देऊ नये, कारण स्थानिक माल म्हणून मुलांना निकृष्ट तिखट खाऊ घालण्याचा अधिकार कोणालाही नाही. उत्पादन खरोखर येथे होते की केवळ पिशव्यांवर नाव छापले जाते, याची प्रत्यक्ष जागेवर पाहणी व्हावी. सवलत पाच-सात वर्षांची असावी व नंतर तिचा फेरविचार व्हावा. आणि माल स्वीकारल्याची तारीख व देयक दिल्याची तारीख अशा दोन तारखा प्रत्येक कचेरीने दर महिन्याला फलकावर लावाव्यात.

यावर असा आक्षेप येईल की, लहान मागण्या म्हणजे अधिक कागद, अधिक तपासण्या, अधिक काम. आक्षेप खोटा नाही. शंभर गटांची देयके काढण्यापेक्षा एका ठेकेदाराचे देयक काढणे केव्हाही सोपे. आधीच अपुऱ्या मनुष्यबळावर चालणाऱ्या कचेऱ्यांवर हा भार टाकताना तेवढी माणसेही दिली पाहिजेत. पण कामाची सोय आणि खर्चाचा हेतू यांत निवड करावयाची झाली तर हेतू वरचढ ठरावा.

लहान मागण्यांमुळे गावपातळीवर वशिलेबाजी वाढेल, हा दुसरा आक्षेपही गंभीर आहे. तशी भीती आहेच. परंतु दूरच्या मोठ्या ठेक्यातील गैरव्यवहार गावाला दिसत नाही. गावातल्या लहान खरेदीतला गैरव्यवहार चार माणसांना दिसतो. दिसणाऱ्या गोष्टीला जाब विचारता येतो, एवढा तरी फरक आहे.

हा जाब विचारण्याचे व उत्तर देण्याचे काम पुष्कळसे या पानाच्या वाचकांच्याच हाती आहे. पुरवठा खंडित झाला की मुख्याध्यापकाला पदरमोड करून शाळेचा स्वयंपाक चालू ठेवावा लागतो. उधारीचे देयक अडकले म्हणजे काय होते, हे त्याला शिकविण्याची गरज नाही. मागणीपत्र तयार करणारा, साठा नोंदवहीत नोंद करणारा आणि देयक पुढे पाठविणारा लिपिक हा या साखळीतील साधा दुवा वाटतो. परंतु त्याच्या टेबलावर कागद किती दिवस राहतो, यावर कोणा सातऱ्यावरील मजूर स्त्रीची मजुरी ठरते. धोरण मुंबईत व दिल्लीत ठरेल. ते भिवापुरात खरे ठरावयाचे असेल तर मागणी लहान हवी आणि देयक वेळेवर हवे. एवढे झाले तर अग्रक्रमाच्या टक्केवारीवरून भांडण्याची वेळ बहुधा येणार नाही. आणि एवढे होणार नसेल तर टक्केवारी पंचवीसची पन्नास केली तरी पैसा येईल आणि आल्या वाटेने परत जाईल.